बोलण्याआधी कान: तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ऐकण्यातून इंग्रजी

दरवर्षी जूनमध्ये आमच्या बालवाडीत नाव घालायला आलेले आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात, "बाई, इंग्रजी कधीपासून सुरू करणार?" मी सांगते, पहिल्या दिवसापासून. त्यांचा चेहरा खुलतो. मग पुढचं मी जरा सावकाश सांगते: दिवाळीपर्यंत तुमचं मूल इंग्रजीतला एक शब्दही बोललं नाही तरी चालेल, आणि घरी त्याला 'बोलून दाखव' असं कुणी म्हणायचं नाही. इथे चेहरे पडतात.

त्या आईवडिलांना दारात उभ्याउभ्या जे नीट सांगता येत नाही, ते इथे लिहिते आहे. घरात सगळे मराठी बोलतात, आईवडिलांचं इंग्रजी कामापुरतं आहे, मूल तीन ते सहा वर्षांचं आहे, असं घर माझ्या डोळ्यांसमोर आहे. बालवाडीताईंना आणि पहिलीच्या शिक्षकांनाही यातलं बरंच वापरता येईल, कारण राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे आणि वर्गात मूल येतं तेव्हा त्याच्या कानाला त्या भाषेची ओळखच नसते.

कान कसा तयार होतो

१९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्ही आवाज वेगळे आहेत हे कळत होतं. वर्षाची होता होता बहुतेकांना तो फरक ऐकू येईनासा झाला. घरात ज्या फरकाला अर्थ नाही, त्याकडे कान लक्ष देणं सोडतो. आपल्या मुलांचा ट-त पक्का असतो. पण इंग्रजीतले 'व्हॅन'मधला व आणि 'वॉच'मधला व आपण एकाच व मध्ये टाकतो, आणि मुलंही आपलं ऐकून तेच करतात. तीन-चार वर्षांच्या मुलाचा कान अजून आपल्यापेक्षा पुष्कळ लवचीक असतो, म्हणून या वयात ऐकण्यावर वेळ घालवायचा.

दुसरा प्रयोग मी प्रत्येक पालकसभेत सांगते. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. एकूण बारा बैठका, प्रत्येक साधारण २५ मिनिटांची. एका गटासमोर मँडरिन बोलणारी माणसं बसून पुस्तकं वाचत, खेळणी दाखवत. दुसऱ्या बाळांना तेच सगळं टीव्हीवर दाखवलं, किंवा नुसता आवाज ऐकवला. समोर माणूस असलेल्या बाळांना मँडरिनमधले आवाज ओळखता येऊ लागले. टीव्ही आणि नुसता आवाज मिळालेली बाळं जिथे होती तिथेच राहिली. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपली मुलं त्या बाळांपेक्षा मोठी आहेत, रेकॉर्डिंगमधूनही ती थोडंफार उचलतात, हे मला मान्य आहे. पण जेवताना ताटासमोर मोबाइल लावून दिला की इंग्रजी आपोआप येईल, ही समजूत सोडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघण्याचा वेळ दिवसाला एका तासाच्या आत असावा, त्याहून कमी असेल तर उत्तमच. मूल कार्टूनमधली वाक्यं घडाघडा म्हणतं, आणि तीच गोष्ट आजीने इंग्रजीत मागितली तर नुसतं बघत राहतं, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. त्या वाक्यांवर त्याने आजवर काही केलेलंच नसतं.

सुरू करण्याआधी

मुलाला नीट ऐकू येतं का, हे आधी बघा. वारंवार सर्दी होणारं, कान वाहणारं मूल अधूनमधून कमी ऐकतं आणि आपल्याला वाटतं ते दुर्लक्ष करतंय. पाठीमागून, हळू आवाजात नाव घ्या. दोन-तीनदा वळलं नाही तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा, इंग्रजी महिनाभर थांबेल.

मग बोलणार कोण, ते ठरवा. "आमचंच इंग्रजी चांगलं नाही," हे मला रोज ऐकायला मिळतं. तुम्हाला सगळं इंग्रजी यायची गरज नाही, या महिन्याची दहा वाक्यं यायला हवीत. ती कुणा चांगलं बोलणाऱ्याकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि भांडी घासताना, स्कूटर पुसताना चार दिवस स्वतः ऐका. शब्द कुठे जोरात आणि कुठे हलका पडतो, तिकडे लक्ष द्या. आपण 'बनाना' म्हणताना तिन्ही अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत मधलं अक्षर भरदार आणि आजूबाजूची दोन पुसट असतात. 'पेन'मधल्या प बरोबर थोडी हवा बाहेर पडते, आपला प कोरडा असतो. ओठांसमोर पतंगाच्या कागदाचा कपटा धरून दोन्ही म्हणून बघा. इंग्रजी 'पेन'ला कागद हलतो, मराठी 'पान'ला जवळजवळ नाही. मुलांना हा खेळ फार आवडतो. ती स्वतःहून कागद मागतात, पण आधी तुम्ही करा.

एक सवय मात्र मोडावी लागेल. "बेटा, शूज घाल. हँड वॉश कर. बनाना फिनिश कर." ही मराठीच आहे, नावं तेवढी उसनी. यातून मुलाला इंग्रजी वाक्याची चाल कधीच ऐकायला मिळत नाही, आणि 'बूट', 'हात', 'केळं' हे शब्दही हातचे जातात. इंग्रजीच्या दहा मिनिटांत पूर्ण इंग्रजी वाक्य बोला. उरलेल्या दिवसभर चांगलं, भरघोस मराठी बोला. ज्या मुलाकडे मराठी गोष्टींचा साठा आहे त्याला इंग्रजी गोष्ट लवकर कळते, हे पुढे चिऊ-काऊच्या वेळी दिसेलच.

वेळ रोज तीच ठेवा. दहा मिनिटं, फार तर पंधरा. मूल भुकेलेलं किंवा झोपेला आलेलं नको. आमच्याकडे एका जुन्या मोज्याला बटणाचे डोळे लावून केलेली बाहुली आहे, मुलं तिला मोजाताई म्हणतात. तिला मराठी येत नाही. ती पिशवीतून बाहेर आली की इंग्रजी सुरू, पिशवीत गेली की बंद. इतक्या साध्या खुणेने मुलांचा गोंधळ एकदम कमी होतो.

पहिले दोन आठवडे: ऐक आणि कर

सॅन होजे इथले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली, तिला टोटल फिजिकल रिस्पॉन्स म्हणतात. त्यांचे सुरुवातीचे प्रयोग जपानी आणि रशियन भाषेचे होते. शिकवणारा आज्ञा देतो, शिकणारा शरीराने ती पाळतो, बोलायची सक्ती नाही. लहान मुलांसाठी मला याहून चांगली सुरुवात सापडलेली नाही.

पहिल्या दिवशी फक्त चार आज्ञा घ्या: स्टँड अप, सिट डाउन, वॉक, स्टॉप. मुलाशेजारी उभ्या राहा, समोर नको. "स्टँड अप" म्हणा आणि स्वतः उठा, मूल तुमच्याबरोबर उठेल. "वॉक", चाला. "स्टॉप", जागच्या जागी थांबा. असं पाच-सहा वेळा. अर्थ सांगू नका, तो तुमच्या गुडघ्यांतून कळतोय.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्ही बसून राहा आणि नुसतं म्हणा. मूल उठलं तर त्याने ते ऐकलं. उठलं नाही तर काही न बोलता पुन्हा बरोबर उठा. क्रम रोज बदला, नाहीतर मूल आज्ञा न ऐकता क्रम पाठ करतं. मी सुरुवातीच्या वर्षी हीच चूक केली होती. सगळा वर्ग झकास करायचा, आणि एक दिवस मी उलट्या क्रमाने सांगितलं तर निम्मी मुलं चुकली.

दुसऱ्या आठवड्यात टर्न, जंप, टच घ्या. 'टच'मुळे वस्तू येतात: टच द डोअर, टच युअर नोज, टच द फ्लोअर. आणि मग खरी गंमत. मुलाने 'वॉक' ऐकलंय, 'डोअर' ऐकलंय, पण "वॉक टू द डोअर" कधीच ऐकलेलं नाही. ते म्हणा आणि थांबा. मूल क्षणभर तुमच्याकडे बघतं, मग दाराकडे, आणि चालायला लागतं. न ऐकलेलं वाक्य त्याला कळलेलं असतं. त्या क्षणभराच्या थांबण्यात मध्ये बोलू नका, मदत करू नका, बोट दाखवू नका. मनात पाच आकडे मोजा.

भाजीची पिशवी

तिसऱ्या आठवड्यापासून घरातलं काम वापरा. मला सगळ्यात उपयोगी वाटते ती बाजारातून आलेली भाजीची पिशवी. जमिनीवर पेपर पसरा, पिशवी उलटी करा, पण इंग्रजीसाठी तीनच वस्तू घ्या. समजा टोमॅटो, बटाटा, लिंबू.

लिंबू उचलून म्हणा, "अ लेमन." वास घ्या, मुलाला द्या. "स्मेल द लेमन." मग "गिव्ह मी द लेमन," आणि हात पुढे करा. तिन्ही वस्तूंचं असं झालं की हात पुढे न करता मागा. मुलाने बटाटा दिला तर "नो, राँग" म्हणायचं नाही. बटाटा घ्या, "अ पोटॅटो, थँक यू," म्हणून खाली ठेवा आणि पुन्हा लिंबू मागा. त्याने दिलेल्या वस्तूचं खरं नाव त्याला ऐकायला मिळालं, आणि पुढचा प्रयत्नही.

दोन दिवसांनी "अ बिग पोटॅटो, अ स्मॉल पोटॅटो". मग "पुट द स्मॉल पोटॅटो इन द बास्केट". मग 'इन'च्या जागी 'अंडर'. टोपलीखाली बटाटा लपवायला सांगितल्यावर मुलं जे खिदळतात, त्यात तो 'अंडर' आयुष्यभरासाठी बसतो. पोळ्या करताना, कपड्यांच्या घड्या घालताना, आंघोळीच्या वेळी हेच करता येतं. एका वेळी तीन-चार नवे शब्द पुरे, आणि जुने रोज मध्येमध्ये यायला हवेत.

ओळखीची गोष्ट, अनोळखी भाषेत

महिन्या-दीड महिन्याने गोष्ट घ्या, आणि ती मुलाला मराठीत तोंडपाठ असलेली असू द्या. आम्ही चिऊ-काऊची घेतो. पावसात काऊचं घर वाहून जातं, तो चिऊच्या दारावर येतो, हे मुलाला माहीत आहे. त्यामुळे "नॉक, नॉक. ओपन द डोअर, प्लीज" ऐकताना त्याला काय चाललंय ते शोधावं लागत नाही, सगळं लक्ष आवाजांवर राहतं. चिऊ दरवेळी "वेट, वेट" म्हणते आणि दरवेळी तिचं वेगळं काम निघतं: "आय ॲम बेदिंग माय बेबी." "आय ॲम फीडिंग माय बेबी." तेच वाक्य फिरून येतं आणि एकच शब्द बदलतो. अशा रचनेच्या गोष्टी निवडा.

सांगताना पुस्तक लागत नाही. दोन काड्यापेट्यांची घरं, कापसाची चिमणी, काळ्या कापडाचा कावळा, दारावर खरंच टकटक. आठवडाभर रोज तीच गोष्ट सांगा. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी टकटक झाली की मुलं स्वतःच तळहात पुढे करून चिऊसारखं थांबवायला लागतात. ओठांतून शब्द आला नाही तरी गोष्ट कळली, हे तो हात सांगतो. मध्येच एखादी वस्तू मुद्दाम चुकवा, कावळ्याच्या जागी चिमणीला पावसात भिजवा. जे मूल ओरडून हरकत घेतं, मराठीत का होईना, ते पूर्ण ऐकत होतं.

मूल गप्प असतं तेव्हा

नवी भाषा शिकताना मुलं काही आठवडे, कधी काही महिने, बोलत नाहीत. याला मूक काळ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी त्यावर बरंच लिहिलं आहे. या काळात मूल ऐकत असतं, जुळवत असतं. आणि नेमक्या याच काळात घरी पाहुणे येतात आणि कुणीतरी म्हणतं, "बाळा, काकांना इंग्रजीत नाव सांग."

आमच्याकडे एक चार वर्षांची मुलगी होती. वर्गात प्रत्येक आज्ञा सगळ्यांआधी पाळायची. घरी रोज संध्याकाळी वडिलांसमोर उभं करून तिला आज काय शिकलीस ते विचारलं जायचं. महिन्याभरात मोजाताई पिशवीतून निघाली की ही खिडकीकडे तोंड करून बसायला लागली. वडिलांना बोलावून मी एवढंच मागितलं, दोन महिने काही विचारू नका. त्यांनी शब्द पाळला. मुलगी हळूहळू परत वळली, पण सप्टेंबरात मिळायला हवं होतं ते जानेवारीत मिळालं. कुणाचंच वाईट करायचं मनात नव्हतं. म्हणून हात जोडून सांगते, ऐकणाऱ्या मुलाची परीक्षा घेऊ नका.

त्याला किती कळतंय हे बघायचं तर आज्ञा द्या आणि त्याच्या हातापायांकडे बघा. एका वहीत तारीख टाकून लिहा: कोणती वाक्यं न दाखवता कळली. महिन्याची वही पाहिली की तुमची चिंता आपोआप कमी होते.

मूल बोलायला लागतं ते मोडकंतोडकं आणि सरमिसळ. "मला वॉटर दे." त्याला थांबवू नका, हसू नका. मोजाताईच्या वेळात असेल तर तुम्ही म्हणा, "वॉटर? यू वाँट वॉटर. हिअर यू आर," आणि पाणी द्या. बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडलं, तहानही भागली. "म्हणजे काय?" असं त्याने विचारलं तर एकदा सरळ मराठीत सांगून टाका. अर्थ लपवून ठेवण्यात काही मोठेपणा नाही. फक्त प्रत्येक वाक्याचं भाषांतर करू नका, नाहीतर मूल इंग्रजी वाक्य संपेपर्यंत मराठीची वाट बघत बसतं.

एबीसीडीचं काय?

थांबू द्या. आपल्या वर्णमालेत 'क' म्हटलं की कमळातला तोच क ऐकू येतो. इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. "ए फॉर ॲपल" म्हणताना तोंडातून 'ए' निघतो आणि ॲपलमध्ये 'ए' कुठेच नाही. अक्षरं सव्वीस आणि आवाज चाळीसच्या वर, त्यामुळे घोळ होणारच. ज्या मुलाच्या कानात शे-दीडशे शब्द आवाजासकट बसले आहेत, त्याला पुढे अक्षरं जोडणं सोपं जातं. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी उभ्या केलेल्या बालशिक्षणातही गाणी, गोष्टी, हालचाल आणि हाताचं काम यांना मान होता. पाटी-पेन्सिलची घाई नव्हती. आईच्या भाषेला जी सवड त्यांनी दिली, ती परक्या भाषेला तर जास्तच हवी.

अक्षरांऐवजी आवाजांचे खेळ घ्या. आरशासमोर बसा. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर, 'वॉच' म्हणताना ओठांचा चंबू. मुलाने म्हणायचं नाही, ओळखायचं: दातांचा व ऐकला की टाळी, चंबूचा ऐकला की डोक्यावर हात. पाच-सहा शब्द झाले की बंद.

वर्गात पंचवीस मुलं असतील तर

तंत्र तेच, फक्त गट करा. अर्धी मुलं आज्ञा पाळतात, अर्धी बसून बघतात, मग अदलाबदल. बघणारीही शिकतात. कोण शेजाऱ्याची नक्कल करतंय हे कळायला अधूनमधून डोळे मिटून ऐकायला लावा.

शिक्षकाचा उच्चार किंवा धीर कमी पडत असेल तर रेकॉर्डिंगचा आधार जरूर घ्या, पण आवाज रेकॉर्डिंगचा आणि शरीर तुमचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केनियात पहिली ते तिसरीच्या मुलांना रेडिओवरून इंग्रजी शिकवलं गेलं ते असंच: रेडिओ वाक्य बोलून थांबतो, त्या मोकळ्या सेकंदांत मुलं उत्तर देतात किंवा कृती करतात, आणि वर्गातला शिक्षक ते घडवून आणतो. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने आपल्याकडच्या शाळांसाठी 'वी लर्न इंग्लिश' हे श्राव्य पाठ तयार केले, तेही मुलांना भाग घ्यायला लावणारे. रेकॉर्डिंग निवडताना हीच कसोटी लावा: त्यात मुलासाठी थांबलेली जागा आहे का? सलग वाजत राहणारं काहीही शिकवायला घेऊ नका.

पुढे

आजारपण, गावची जत्रा, लग्नसराई, यात पंधरा दिवस खंड पडतोच. पुन्हा सुरू करताना नवीन काही घेऊ नका, दोन दिवस फक्त जुन्या आज्ञा आणि जुनी गोष्ट. जे विसरल्यासारखं वाटतं ते परत येतं.

तीन-चार महिन्यांनी एक दिवस मोजाताई मुलाच्या हातात घाला आणि तुम्ही समोर उभ्या राहा. काही बोलू नका, नुसती वाट बघा. बोललं नाही तर बाहुली काढून घ्या आणि आठवड्याने पुन्हा द्या. वर सांगितलेल्या मुलीला मी जानेवारीत अशीच बाहुली दिली. बराच वेळ ती बाहुलीच्या बटणाच्या डोळ्यांशी चाळा करत होती. मग वर न बघता, अगदी हळू म्हणाली, "सिट डाउन." मी बसले. "स्टँड अप." मी उठले. त्यानंतर सुट्टीची घंटा होईपर्यंत तिने मला अठरा वेळा उठवलं आणि बसवलं, आणि शेवटी, जे मी तिला कधीच शिकवलं नव्हतं, ते म्हणाली: "टीचर, वॉक टू द विंडो."